नवसाची पेनी

म्हाताऱ्यांच्या भुताच्या गोष्टी नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी असतात. ‘आमच्या ओळखीत एक जण होता’ म्हणायचं आणि आपण नामानिराळं राहायचं. लेन गॅरडनेही सुरुवात तशीच केली.

शनिवारची रात्र होती. मार्लफील्ड गावामागे गहू कापून मोकळ्या झालेल्या रानात तीसेक तंबू पडले होते. दिवसभर दीडशे माणसं कानाला हेडफोन लावून, मेटल डिटेक्टर जमिनीवरून फिरवत, पुरलेली जुनी नाणी शोधत, खुंटं तुडवत हिंडली होती. आता बहुतेक जण झोपले होते. एका तंबूपुढे गॅसच्या शेगडीवर किटली होती आणि भोवती चार पोरं आणि लेन. लेनचं वय एकाहत्तर. तीस वर्षं त्याने बेरी शहर ते आसपासची गावं अशी बस चालवलेली, क्लबातला सगळ्यात जुना सभासद. खणलेला खड्डा बुजवला नाही तर नव्या माणसाला चारचौघांत फैलावर घेणारा. अशी माणसं दुसऱ्यांचे खड्डे फार बारकाईने तपासतात.

त्या चौघांतल्या, वेल्डिंगचा कोर्स अर्धवट सोडलेल्या शॉनाला त्या दिवशी एक चांदीची पेनी सापडली होती. जुनी, सात-आठशे वर्षांपूर्वीची. पण मधोमध दुमडलेली, पानाच्या विड्यासारखी नाही, सरळ अर्धी घडी. राजाचा चेहरा आत अडकलेला. उघडली तर चौपट किंमत येईल, असं कुणीतरी म्हणालं. शॉनाने पिशवीतून पक्कड काढली.

शेगडीपलीकडून लेन म्हणाला, “पक्कड खाली ठेव, पोरी.”

“का? माझी पेनी, माझी पक्कड.”

“आधी ऐक. मग वाटलं तर उघड. मी हात धरणार नाही.” त्याने कप खाली ठेवला. “माझ्या ओळखीतला एक पोरगा होता. कोरी लार्टर. जे झालं ते त्याने मला एकदाच सांगितलं, परत नाही.”

आणि मग त्याने जे सांगितलं, ते असं.

*

गुरुवार, वीस नोव्हेंबर, दोन हजार चौदा. दुपारचे सव्वाचार म्हणजे त्या दिवसांत काळोखच. कोरी कुलूप लावून घराबाहेर पडला. हातातल्या पिशवीत बहिणीचे धुतलेले रात्रीचे कपडे, लोकरीचे मोजे आणि मार्माइटची बाटली होती. इस्पितळातला टोस्ट त्या चटणीशिवाय नेलच्या घशाखाली उतरत नसे. आई चार दिवसांपासून तिच्या उशाशीच होती. कोरीला दोनच कामं करायची होती. मॉरिस केरिजकडून नाणं घ्यायचं आणि पाच चाळीसची शेवटची बस पकडायची. बेरीपर्यंत बस, पुढे रेल्वे. शुक्रवारी सकाळी आठला नेलच्या काळजाचं ऑपरेशन होतं. नेल नऊ वर्षांची होती. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, निम्मी आशा धरा.

नाणं ऑक्टोबरात सापडलेलं. बीटाचं पीक निघालेल्या रानात, चिखलात, कोपरापर्यंत हात घातल्यावर. जी वस्तू सापडेल तिच्यात शेतकऱ्याचा निम्मा वाटा, हा नियम. पण शेतकऱ्याने घडी घातलेली ती चिमुकली पेनी बघितली आणि म्हणाला, तुझ्या बहिणीला दे, माझा वाटाही तिलाच. कोरीने सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या बाईंना ती नेऊन दाखवली. त्या बाईंनी सांगितलं, पूर्वी घरात कुणी मरणाच्या दारात असलं की आई त्याच्या डोक्यावर चांदीची पेनी धरायची, तिथेच दुमडायची, आणि बेरीच्या संताला नवस बोलायची: हे लेकरू वाचू दे, ही पेनी तुझ्या दारात आणून ठेवीन. दुमडलेली पेनी बाजारात चालत नाही. ती मग संताचीच. तुला मिळाली ती मात्र वाटेतच पडलीये, बाई म्हणाल्या. पोचली नाही.

जुनी घडी ओळखायची कशी, तेही त्यांनी दाखवलं. फटीत बॅटरीचा झोत मारायचा. आत काळं असलं, माती धरलेली असली, तर घडी त्या काळची. आत चकाकलं, तर कुणीतरी परवा पक्कड लावली.

कोरीने हे सगळं नेलला सांगितलं. नेलने पेनी मुठीत घेतली ती सोडलीच नाही. कडेला एक बारीक खाच होती, तिच्यात तिचं करंगळीचं नख बरोबर बसायचं. ती म्हणाली, “त्या बाईचं राहिलंय ना, मग आपण नेऊन ठेवू. मी बरी झाले की दोघं चालत जाऊ.” एवढुशा पोरीने दुसऱ्याचा सातशे वर्षांचा नवस अंगावर घेतला. ऑपरेशनला जाताना पेनी मुठीत असणार, हे तिने ठरवून टाकलं होतं. मोठ्यांनी फार काही ठरवलेलं नव्हतं.

नर्स चांगली होती, पण म्हणाली, शेतातली माती घेऊन वॉर्डात येता येणार नाही. स्वच्छ करून आणा, मी स्वतः तिच्या मुठीत देईन.

कोरीला नाणी साफ करता येत होती. शुद्ध पाण्यात दिवसन् दिवस भिजत घालायची, बांबूच्या काडीने कणाकणाने माती काढायची, घाई करायची नाही. पण हे नाणं म्हणजे कागद. घडीवर जरा जोर पडला तर दोन तुकडे. म्हणून रविवारी तो मॉरिसकडे गेला.

मॉरिस केरिजने आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. त्याच्यासारखा हात अख्ख्या तालुक्यात नव्हता. कोरीचा बाप घर सोडून गेला तेव्हा कोरी बारा वर्षांचा होता. त्याला पहिला डिटेक्टर मॉरिसने घेऊन दिला, जमिनीचा आवाज ऐकायला मॉरिसने शिकवलं, कॉलेज सोडून तो कोंबड्यांच्या कारखान्यात लागला तेव्हा सगळ्या गावात त्याला न झापणारा माणूस एकटा मॉरिस. बाप कसा असतो, असं कुणी विचारलं असतं तर कोरीने मॉरिसच्या शेडकडे बोट दाखवलं असतं.

“फक्त माती काढा,” कोरीने त्याला तीनदा सांगितलं होतं. “घडी उघडायची नाही.”

“पोरा,” मॉरिस म्हणाला होता, “तुझे दुधाचे दात पडले तेव्हापासून मी तुला ओळखतो.”

*

गुरुवारी संध्याकाळी मॉरिसच्या शेडमध्ये उकडलेल्या अंड्याचा वास भरला होता.

कोरीला त्याचं काही वाटलं नाही. साफ केलेली चांदी फार पांढरी दिसली की तिला पिशवीत उकडलेल्या अंड्याशेजारी ठेवतात, रात्रभरात जुना काळा रंग चढतो. सगळेच करतात. मॉरिसने हिरव्या मखमलीचा ट्रे झाकून बाजूला सरकवला आणि कोरीच्या हातात प्लास्टिकची गोल डबी ठेवली. आत कापसावर दुमडलेली पेनी. डबीला चिकटपट्टी लावलेली.

“उघडू नकोस वाटेत. बाहेर धुकं आहे, ओल लागली तर डाग पडतील. तिच्या हातावरच उघड.”

कोरीने डबी दिव्याखाली धरली. पेनी चांगली दिसत होती. थोडी लहान वाटली. त्याने खाच शोधली. दिसली नाही.

“कडेला एक खाच होती ना?”

“माती होती ती. माती गेली, खाच गेली.” मॉरिस अंडं सोलत होता. मान खाली, सगळं लक्ष टरफलात. कोरीने किती द्यायचे विचारलं तर त्याने मान हलवली. “म्हाताऱ्याची भेट समज. जा. बस चुकेल.”

एरवी मॉरिस माणसाला दारापर्यंत सोडायला यायचा आणि तिथे अजून अर्धा तास बोलत उभा राहायचा. त्या दिवशी तो स्टुलावरून उठला नाही. कोरीला वाटलं, नेलची काळजी. म्हाताऱ्याला बोलवत नाहीये. त्याने जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मॉरिसचा खांदा दचकला.

पाच वीस झाले होते.

शेडपासून बसच्या थांब्यापर्यंत अर्धा मैल. अरुंद रस्ता, डाव्या हाताला उंच कुंपण, कुंपणापलीकडे तेच बीटाचं रान. धुकं इतकं की बॅटरीचा झोत पाच पावलांवर भिंतीला लागल्यासारखा थांबायचा. कोरी भरभर चालत होता. पाय चिखलात, डोकं पुढे. नेलला काय सांगायचं, कसं सांगायचं, डबी उघडताना तिच्या चेहऱ्यावर काय दिसेल…

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याच बुटांचा आवाज आहे.

नव्हता. बुटांचा आवाज डांबरावरचा. हा चिखलातला. ओल्या मातीतून पाय उपसल्याचा. कुंपणाच्या पलीकडून. त्याच्या बरोबरीने.

तो थांबला. आवाज थांबला.

हरीण असेल. तो चालू लागला. आवाज चालू लागला. दोन पायांचा. अनवाणी. बूट असता तर असा वाजला नसता… टाच, मग तळवा, मग चिखल सोडताना होतो तो पचकन ओठ सुटल्यासारखा आवाज.

“कोण आहे?”

काही नाही.

पाव मैलावर कुंपण संपतं. तिथे ट्रॅक्टर आत न्यायला फट आहे. कोरीला ते माहीत होतं. त्याने चाल वाढवली. पलीकडच्यानेही वाढवली. तो पळायला लागला असता, पण पळालं तर ते खरं होईल, असं त्याला वाटलं. म्हणून तो चालत राहिला. पाव मैल.

कुंपण संपलं.

फटीत बाई उभी होती.

गुडघ्यापर्यंत चिखल. डोक्यावरून जाडंभरडं कापड. पाठीशी काहीतरी बांधलेलं. त्यातून एक लहान पाऊल खाली लोंबत होतं. ते हलत नव्हतं.

कोरीने झोत खाली, तिच्या पायांवर वळवला. 

बाईने तळवा पुढे केला.

तिने मागितलं नाही. धमकावलं नाही. दुकानात उभं राहून सुट्टे परत मिळायची वाट बघावी, तशी ती उभी. तिचंच होतं ते. कोरीने मला सांगितलं, त्या क्षणी भीती गेली आणि लाज आली. दुसऱ्याची वस्तू खिशात सापडल्यासारखी लाज. त्याने डबी काढून तिच्या तळव्यावर ठेवली.

तिची बोटं मिटली.

धुक्यात काही वाजत नव्हतं. पाणी टपकत नव्हतं. कोरी मोजत होता, का ते त्याला ठाऊक नाही. सात… आठ…

तिने बोटं उघडली. डबी जशीच्या तशी. तिने ती परत त्याच्या हातावर ठेवली.

आणि मान हलवली. नाही.

मग ती त्याच्याकडे बघेनाशी झाली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. कोरीने वळून बघितलं. दिसायला नको होता, तरी धुक्यातून दूर एक पिवळा ठिपका. मॉरिसच्या शेडचा दिवा.

तो परत वळला तेव्हा फट रिकामी होती. चिखल सपाट.

समोरून बसचे दिवे येत होते.

*

पंचवीस पावलं. कोरीने ती कशी कापली कोण जाणे. बस थांबली, दार उघडलं. आत एकही प्रवासी नव्हता. ड्रायव्हर त्याला चांगला ओळखणारा. त्याचा चेहरा बघून म्हणाला, “काय रे, भूत बघितलंस काय?”

कोरी हसला नाही. त्याने पासाचं कार्ड दाखवलं, आणि पायरीवरच उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ अजून कुणीतरी चढल्यासारखं ड्रायव्हरला वाटलं. गार वारा आला, दार मिटायला नेहमीपेक्षा वेळ लागला. वर बघितलं तर कोरी एकटाच.

कोरी म्हणाला, “दहा मिनिटं थांबा. मी मॉरिसकडे पळत जाऊन येतो.”

“कशाला?”

“हे नाणं माझं नाहीये असं वाटतंय.”

ड्रायव्हरने घड्याळाकडे बघितलं. शेवटची बस आहे, म्हणाला, पुढच्या थांब्यावर माणसं कुडकुडत असतील. मग म्हणाला, मी आज मॉरिसकडे गेलो होतो. तुझं नाणं बघितलंय मी.

“दुमडलेलंच होतं? तुम्ही बघितलंत?”

“जसं तू दिलंस तसंच,” ड्रायव्हर म्हणाला. “मॉरिस तुझ्याशी असं करेल होय? बस खाली. पोरगी वाट बघत असेल.”

कोरी खाली बसला. कारण त्याला तेच ऐकायचं होतं. दोन मोठी माणसं एकच गोष्ट सांगतायत, आणि त्यांच्या विरुद्ध कोण, तर धुक्यातली एक बाई. बावीस वर्षांच्या पोराने कुणाचं ऐकायचं?

वॉर्डात पोचायला सव्वानऊ झाले. नर्सने वेळ संपलेली असूनही आत सोडलं. नेल जागी होती. कोरीने चिकटपट्टी काढली आणि पेनी तिच्या तळव्यावर ठेवली. नेलने करंगळीच्या नखाने कड चाचपली. नख एकदा सगळ्या कडेवरून फिरवलं. परत फिरवलं. मग म्हणाली, “तुझी बॅटरी दे.”

ते त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने फटीत झोत मारला, एक डोळा मिटला, आणि बघत राहिली.

आत चांदी लख्ख होती. नव्या चमच्यासारखी. आणि त्या चकाकीवर पकडीच्या दातांचे बारीक आडवे ओरखडे.

“दादा,” नेल म्हणाली, “हे आपलं नाही.”

रडली नाही. त्याने आणलंय म्हणून ठेवूनही घेतलं नाही. पेनी त्याच्या हातात परत दिली आणि त्याचीच समजूत घातली. “असू दे. तुला फसवलं कुणीतरी.”

सकाळी आठला तिला आत नेलं. चाकांच्या खाटेवर तिचा उजवा हात चादरीवर उघडा पडला होता. कोरी दारापर्यंत त्या हाताकडेच बघत गेला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. नेल सहा दिवस राहिली. सातव्या दिवशी, पहाटे, गेली.

*

लेन थांबला. किटलीतलं पाणी आटून गेलं होतं, कुणी उठलं नाही.

“आणि मॉरिस?” एका पोराने विचारलं.

शुक्रवारी सकाळी मॉरिसच्या शेजारणीला शेडचा दिवा रात्रभर जळत राहिलेला दिसला. मॉरिस स्टुलावर बसलेला होता. जिवंत, डोळे उघडे. समोर मखमलीचा ट्रे, मधला खळगा रिकामा. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलंय, वाचा गेली, हात असाच राहील. होतं असं. त्यात नवल काही नाही. कोरी नेलला पुरून आल्यावर त्याच्यासमोर तासभर बसला. एकच प्रश्न विचारला, का? मॉरिसच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. कोरीने ती खोटी पेनी टेबलावर ठेवली आणि गाव सोडलं. डिटेक्टर कुंपणाला टेकवून ठेवला होता, पावसात गंजला. दोन वर्षांनी मॉरिस गेला. शवपेटीत ठेवतानाही मूठ उघडली नाही. उघडायची कुणाची छाती झाली नाही, म्हटलं तरी चालेल.

“म्हणून म्हणतो,” लेन म्हणाला, “पक्कड ठेव.”

गोष्ट इथे संपायची. म्हाताऱ्यांच्या हिशेबाने इथेच संपते. तात्पर्य पोरांना, पांघरूण आपल्याला. पण शॉना त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“कोरीच्या मागून कुणी चढल्यासारखं ड्रायव्हरला वाटलं,” ती म्हणाली. “कोरीने तर मागे बघितलंच नाही. मग ड्रायव्हरला काय वाटलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

लेनने किटलीचं झाकण सरळ केलं.

“तीस वर्षं बेरीची बस कोण चालवत होतं, लेन?”

बाजूच्या तंबूत कुणीतरी कूस बदलली. लेनने कप उचलला, रिकामा आहे हे बघितलं, तरी तोंडाला लावला.

“त्या दिवशी दुपारी तीन वाजता मी त्याच्याकडे चहा प्यालो,” तो शेवटी म्हणाला. “पेनी उघडलेली होती. मखमलीवर. त्याने ती तापवून तापवून, हाडाच्या पट्टीने उघडली होती, एक चीर नाही. राजाचा चेहरा… परवा पाडल्यासारखा. ज्या टांकसाळीत पाडली तीही दुर्मीळ. मॉरिस म्हणाला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू केल्या, ही एक माझ्याजवळ राहू दे. त्याच्याकडे एक झिजकी पेनी होती, ती तो पकडीत धरून दुमडत होता. म्हणाला, पोर नऊ वर्षांची आहे, तिला काय कळतंय.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

लेनने कप खुंटांत उपडा ठेवला.

“लेन.”

“छान निघालीये म्हणालो.”

 शॉनाने तिची दुमडलेली पेनी मुठीत घेतली.

“पेनीने ती वाचली नसती,” लेन म्हणाला. “डॉक्टरच म्हणाले होते, निम्मी आशा.”

“नसती वाचली,” शॉना म्हणाली. “पण हातात घेऊन गेली असती. तेवढं एकच मागितलं होतं तिने. दहा मिनिटं मागितली होती त्याने. तुमची मॉरिसशी एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि पोरगी गेली रिकाम्या हाताने. आणि अकरा वर्षं तुम्ही हीच गोष्ट भुताची म्हणून सांगत फिरताय.”

लेनने मान हलवली. हो की नाही, ते अंधारात कळलं नाही. “सांगत फिरलो नाही,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा.”

मग त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. बराच वेळ चाचपलं. निघालं ते रुमालात गुंडाळलेलं.

“त्या रात्री डेपोत गाडी लावली, पैशांची ताटली रिकामी केली. मार्लफील्डच्या थांब्यावर कोरी एकटा चढला. त्याचा पास होता. पुढच्या थांब्यांवर धुक्यात कुणी आलंच नाही. बेरीपर्यंत माझ्याकडे एक पैसा पडायचं कारण नव्हतं.”

रुमालात एक पौंड होता. जुना, गोल, जाडजूड, आता दुकानात कुणी घेत नाही तो. बरोबर मधोमध दुमडलेला. राणीचा चेहरा आत.

पोरं पुढे सरकली. पौंडाचं नाणं बोटभर जाड नसलं तरी हाताने वाकत नाही. पकडीने वाकत नाही. शेकोटीत तापवून हातोडा मारला तर कदाचित, आणि मग हातोड्याची खूण राहते. त्याच्यावर खूण नव्हती. कागद दुमडावा तशी घडी.

“कुणीतरी चेष्टा केली असेल,” एक पोरगा म्हणाला. “डेपोत वर्कशॉप असतं. मोठा शिकंजा लावून…”

“मीही तेच म्हणतो,” लेन म्हणाला. “रोज.”

शॉनाने पौंड उचलला. दुसऱ्या हाताने कपाळावरची बॅटरी काढली आणि फटीत झोत मारला. एक डोळा मिटला.

नव्या घडीच्या आत धातू चकाकायला हवा. हा पौंड पाडून तीस-पस्तीस वर्षंसुद्धा झाली नसतील.

आत काळं होतं. खोलवर, तळापर्यंत. आणि फटीच्या टोकाला, दगडासारखी घट्ट बसलेली, बीटाच्या रानातली माती.